१६० चौरस फूट, ३५ मिलिमीटर : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

काम ठरलं. वरळीच्या बीडीडी चाळींतली एक इमारत, तिचा एक मजला, आणि त्या मजल्यावर ज्या खोल्या आपणहून दार उघडतील त्यांचे कृष्णधवल फोटो. फिल्मवर. इमारतीचा नंबर कुठेच लिहायचा नाही, ही रहिवाशांची अट. मान्य.

चौघे आहोत. मी, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मॅडम आणि आमच्यातला धाकटा, जो ह्याच मजल्यावर लहानाचा मोठा झाला. तो नसता तर आम्हाला जिन्यातूनच परत पाठवलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं. पुनर्विकासाची घोषणा झाल्यापासून इथे गळ्यात कॅमेरा अडकवून येणाऱ्यांची जत्रा असते. फोटो काढतात, जातात, फोटो कुणाला मिळत नाही. म्हणून आमचा पहिला नियम: प्रिंट आधी त्या घरात जाणार, मग बाकी कुठेही.

थोडा संदर्भ नोंदवून ठेवतो, नंतर मजकुराला लागेल. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात निघालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या २०७ चाळी: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. तळमजला अधिक तीन, मजल्यावर २० खोल्या, म्हणजे चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला होता. धाकट्याचे आजोबा हे सांगताना हसायचे म्हणे: "भाड्याने राहायला आलो ते जेलमध्ये."

आजचा वाद लेन्सवरून झाला, आणि तो लांबला.

मॅडमचं म्हणणं, खोली छोटी आहे, १६ मिलिमीटरची वाईड लेन्स लावा, सगळं एका फ्रेममध्ये येईल. येईल की. पण काय येईल? हिशोब सोपा आहे. ३५ च्या लेन्सला तुम्ही जितके फूट मागे उभे असाल, जवळपास तितकेच फूट रुंदी दिसते. दहा फुटांवरून दहा फूट. १६ च्या लेन्सला त्याच दहा फुटांवरून बावीस फूट दिसतात. कोपरे ताणले जातात, पुढची खुर्ची अवाढव्य होते, मागची भिंत लांब पळते आणि १६० चौरस फुटांचा हॉल होतो. फ्लॅट विकणारे एजंट असेच फोटो काढतात. ज्या खोलीत सात-आठ माणसं पाळीपाळीने झोपली, ती खोली ऐसपैस दाखवायची असेल तर मग आपण जायचंच कशाला?

काका बोलले नाहीत. पिशवीतून त्यांनी ३५ ची लेन्स काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, पण एक भिंत फ्रेमबाहेर राहणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते." राहू दे. जी भिंत दिसत नाही तिला पाठ टेकवूनच फोटो काढलाय, हे बघणाऱ्याला कळू दे.

१४ जून, शनिवार

नुसता उजेड बघायला गेलो. कॅमेरे पिशवीतच ठेवले.

मधोमध पॅसेज, दोन्ही हातांना खोल्या, टोकाला कॉमन संडास. त्यामुळे पॅसेजमध्ये भरदुपारी दिवा लागतो. खोलीला उजेड येतो तो समोरच्या खिडकीतून, म्हणजे दारात उभं राहिलं की तो थेट लेन्समध्ये. माणूस खिडकीकडे पाठ करून बसला तर काळा ठिपका. मीटरने खिडकीत उजेड मोजला आणि माळ्याखालच्या कोपऱ्यात मोजला तर चार-साडेचार स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). फिल्म हे सोसते. सावलीला एक्स्पोजर द्यायचं, खिडकीचा उजेड फिल्म धुताना सांभाळायचा. माणूस खिडकीला काटकोनात बसवायचा आणि दाराच्या बाजूने पांढरी चादर धरायची. रिफ्लेक्टर विकत घ्यायची गरज नाही, चादर प्रत्येक घरात असते आणि धरायला पोरं तयारच असतात.

पावसाळी दुपारी आयएसओ ४०० च्या फिल्मला, लेन्सचं तोंड एफ ४ इतकं उघडून, पाव सेकंद शटर मिळतोय. ट्रायपॉड हवाच.

धाकटा डिजिटलवर चाचणी घेत होता, तेव्हा चित्रात आडवे पट्टे आले. एलईडी ट्यूबचा प्रताप. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, इलेक्ट्रॉनिक शटरला कळतं. शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश ठेवलं की पट्टे जातात. आमच्या पाव सेकंदाला हा प्रश्नच येत नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पहिली खोली. सविस्तर लिहितो, कारण पुढच्या सगळ्या खोल्यांची पद्धत आज ठरली.

आजींचं वय पंचाऐंशीच्या घरात. कोकणातून लग्न होऊन ह्याच खोलीत आल्या. आम्ही गेलो तेव्हा टीव्हीवर पंढरपूरची पूजा आणि स्टोव्हच्या शेजारी साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं. पहिला पाऊण तास कॅमेरा निघाला नाही, खिचडी खाल्ली. मॅडमनी उपास नसल्याचं सांगितलं तर आजी म्हणाल्या, "खिचडीला उपास कशाला लागतो?"

मग फोटोचा विषय निघाला आणि आजींनी ताबा घेतला. साडी बदलून नऊवारी नेसल्या. सुनेला सांगितलं, "तो कुकर काढ तिथून." मी म्हटलं, आजी, राहू द्या, घर घरासारखं दिसू दे. त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी फोटोग्राफर आला तर तू कुकर मध्ये ठेवशील काय रे?"

ह्याला उत्तर नाही. आपल्याला पसारा हवा असतो, कारण पसाऱ्याने फोटोला वजन येतं असं आपण मानतो. ज्यांनी हयातभर १६० चौरस फूट टापटीप ठेवले त्यांना तो पसारा जगाला दाखवायचा नसतो. नियम दोन: खोलीत काय ठेवायचं, काय हलवायचं ते घरचे ठरवणार. कॅमेरा कुठे ठेवायचा ते आम्ही.

तर कुकर गेला. राहिलं ते असं: डावीकडे मोरी, तिच्या कठड्यावर उपडी घातलेली तीन पातेली, मोठीवर मधली, मधलीवर धाकटी. वर माळा, त्याला लाकडी शिडी. शिडीच्या पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. माळ्याच्या कडेला पडदा, पडद्यामागे नातवाचा अभ्यासाचा दिवा. समोरच्या भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो. हा फोटो मी बराच वेळ बघत होतो. परळच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला, मूळ कृष्णधवल, वर हाताने रंग भरलेले. गालाला गुलाबी, कोटाला निळा. रंगवणाऱ्याने कोटाची गुंडी सोन्याची केलीय. आजी म्हणाल्या, कोट स्टुडिओचाच होता, गिरणीत कोण कोट घालतंय! आजोबा साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा घरी बसले, ते परत गिरणीत गेले नाहीत. ह्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

काकांचा कॅमेरा निकॉन एफएम २. तोही १९८२ चाच. सगळा यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरपुरती, ती संपली तरी शटर चालतं. आज मीटरवर भरवसा ठेवला नाहीच, काका हातातल्या मीटरने आजींच्या गालाजवळ उजेड मोजत होते. आजींना वाटलं ताप बघतायत.

ट्रायपॉड दाराबाहेर पॅसेजमध्ये, लेन्स चौकटीच्या रेषेत. पाव सेकंद स्थिर राहायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सोपं नाही. "हलू नका" म्हटलं की माणूस ताठ होतो आणि हलतो. काकांनी सांगितलं, "आजी, श्वास सोडा आणि मग घेऊ नका, मी सांगेपर्यंत." केबल रिलीज दाबली. आजी म्हणाल्या, "झालं? एवढंच?" सून, नातू, शेजारच्या दोन बायका असा दुसरा फोटो झाला. त्यात चादर धरणारं पोरगं कोपऱ्यातून दिसणार आहे. दिसू दे.

२० जुलै, रविवार

रोल धुतले, माझ्या मोरीत.

फिल्म धुण्याची सगळी पुस्तकं थंड मुलखात लिहिलेली. आम्ही वापरतोय एचपी ५ प्लस ही फिल्म आणि डी-७६ हा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, पाण्यात एकास एक पातळ करून. २० अंशांना ११ मिनिटं. मुंबईच्या नळाला जुलैत २७-२८ अंशांचं पाणी येतं. बर्फाने २० पर्यंत आणता येतं, पण टाकी हातात धरून हलवायची असल्याने ते तिथे टिकत नाही. म्हणून सगळंच २४ ला करतो: डेव्हलपर, चित्र पक्कं करणारा फिक्सर आणि धुवायचं पाणीही. २४ ला तेच काम साधारण पावणेआठ मिनिटांत होतं. त्याहून गरम नेलं तर वेळ पाच मिनिटांखाली घसरत जातो आणि डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. द्रावणांच्या तापमानात एकदम फरक पडू द्यायचा नाही, नाहीतर फिल्मच्या थराला सुरकुत्या पडतात. बादलीत बर्फाची पिशवी, बादलीत बाटल्या, बाटलीत थर्मामीटर. घरच्यांनी मोरी दुपारी एक ते चार दिली आहे.

शेवटी फिल्म पाणी वाहतं ठेवून अर्धा तास धुवायची, असं जुने लोक सांगतात. फिल्म बनवणाऱ्या इल्फर्ड कंपनीची पद्धत चांगली आहे: टाकी भरा, पाच वेळा उलटीसुलटी करा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. तीन टाक्या पाणी. आमच्या सोसायटीत पाणी जातं तेव्हा न सांगता जातं, त्यामुळे ही पद्धत मला फार प्रिय आहे.

आजींची निगेटिव्ह उजेडाला धरून बघितली. खिडकी दाट झालीय पण जळलेली नाही, खिडकीच्या गजांच्या मधलं झाड दिसतंय. आजोबांच्या फोटोच्या काचेवर ट्यूबचा एक पट्टा. तो राहू द्यावा असं माझं मत, काकांचंही. मॅडमचं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज पॅसेज केला. एफ ८ ला मीटर दहा सेकंद सांगत होता, आम्ही वीस दिले. उजेड फार कमी असला की फिल्म सुस्तावते, मीटरच्या हिशोबाने चालत नाही. ह्या फिल्मला दहाचे वीस, चाराचे सहा. वीस सेकंदांत जाणारी-येणारी माणसं पुसली जातात, फक्त जो थांबला तो उरतो. एक काका नळाची बादली भरेपर्यंत उभे होते, ते आले. पोरं पळत होती, त्यांचा नुसता धूर.

तीन घरांनी नकार दिला. एका घरी मुलीचं लग्न ठरायचंय, खोलीचा फोटो बाहेर नको. त्यांना विचारायला पुन्हा जायचं नाही, असं ठरलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या आज मिळाल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फूट. आमच्या मजल्यावरच्या आजींच्या धाकट्या जाऊबाईंचा त्यात नंबर आहे. धाकट्याचा फोन आला, मागे फटाके वाजत होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. लोकल ठप्प, शाळांना सुट्टी, मीही घरी. आज जागतिक छायाचित्रण दिन. १९ ऑगस्ट १८३९ ला पॅरिसमध्ये डॅगेरोटाइप ह्या सुरुवातीच्या छायाचित्र-पद्धतीची कृती जाहीर झाली होती. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या पहिल्या हौशी मंडळींतले. पेशाने डॉक्टर, हौस कॅमेऱ्याची. म्हणजे नोकरीधंदा सांभाळून रविवारी फोटो काढत हिंडणाऱ्यांची मुंबईतली परंपरा पावणेदोनशे वर्षांना टेकलीय, हे घरच्यांना ऐकवलं. उत्तर आलं, की डॉ. नारायण दाजी मोरी अडवत होते का?

सुट्टीचा उपयोग बुरशी तपासण्यात केला. टॉर्च मारून प्रत्येक लेन्स आतून बघितली. मॅडमच्या जुन्या ५० च्या लेन्समध्ये कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतायत. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांवर असते, आणि साठाच्या वर बुरशीला मोकळं रान. ती काचेवरचा लेप खाते, मग पुसून जात नाही. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि दीडशे-दोनशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा, एवढ्याने भागतं. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायची. डब्यात तांदूळ ठेवा सांगणाऱ्यांचं ऐकू नये, तांदळाची पूड लेन्समध्ये जाते. आणि लेदरची केस हा बुरशीचा बंगला आहे, ती कपाटात वेगळी ठेवावी. मॅडमची लेन्स बोरा बझारात आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे द्यायचीय. पाऊस ओसरला की.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. सकाळपासून मजल्यावर पावलं काढणं चाललं होतं. प्रत्येक उंबऱ्यापाशी तांदळाच्या पिठाची ओली मूठ, तिच्यावर बोटांचे ठसे. मूठ टेकवायची आणि वर पाच टिंबं द्यायची की पाऊल उमटतं. दुपारपर्यंत अर्धी पावलं चपलांनी पुसली गेली होती, मग सुनांनी पुन्हा काढली. पुन्हा काढताना एकीने मुलीचा हात धरून तिच्याकडून काढून घेतली; ती पावलं सगळ्यांत लहान आणि जरा तिरकी, गौर मोरीकडे वळलीय. ह्याचा फोटो काकांनी जमिनीवर पालथं झोपून काढला. सत्तरीचा माणूस, उठताना आम्ही दोघांनी हात दिला.

आतल्या फोटोंत एक अडचण आहे. मुखवट्यांवर तेल लावल्यासारखी चमक, दिव्यांच्या माळा लुकलुकतायत आणि बाकी खोली अंधारात. माळा बंद करा म्हणणं बरं दिसत नाही. मुखवट्यावर चादरीचा उजेड टाकला, अर्धा सेकंद दिला, माळांचे ठिपके आले तर आले.

१४ सप्टेंबर, रविवार

निवड. ही बैठक नेहमी भांडणाची असते, ह्या वेळीही झाली.

प्रत्येक खोलीचा एकच फोटो, हे ठरलेलं. पण कोणता? आम्हाला आवडलेला आणि घरच्यांना आवडलेला, हे बहुतेक वेळा वेगळे निघतात. आजींच्या बाबतीत मला एकट्या आजींचा हवा होता: अर्ध्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड, मागे झिजलेली शिडी. स्पर्धेला पाठवला तर निवडला जाईल असा. आजींनी कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलमधले सगळे फोटो छोटे छापलेल्या कागदावर, बोट ठेवलं ते शेजारणींच्या फोटोवर, ज्यात चादरीचं पोरगं घुसलंय. "ह्यात सगळी आहेत."

काका म्हणाले, पॅसेजमध्ये लावायचे असतील तर त्यांचं बोट चालेल, गॅलरीत लावायचे असतील तर आपलं. आणि आपण पॅसेजमध्ये लावतोय. त्यामुळे वाद मिटला, निदान माझ्यापुरता. मॅडम म्हणतात, दोन्ही धुवून ठेवा, पुढचं पुढे.

आकार दहा बाय बारा इंच. मोठा नको, पॅसेजमध्ये पाच-सहा फुटांहून मागे सरकता येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

लावले. ज्याच्या दाराबाहेर ज्याचा फोटो. खिळा ठोकायचा नाही ठरलं होतं, पण रहिवासीच हातोडी घेऊन आले: "पाडणारच आहेत की, ठोका." ज्यांनी नकार दिला होता त्यांच्या दाराशी काही नाही. संध्याकाळी त्यातल्या एका घरातून विचारणा झाली, आमचा अजून काढता येईल का?

दुपारी जाऊबाईंच्या नव्या घरी गेलो, आजींना घेऊन. तीच ३५ ची लेन्स. इथे मागे सरकायला जागा आहे, उजेड दोन बाजूंनी, आयएसओ ४०० ला एक साठांश मिळतो, ट्रायपॉड उघडलाच नाही. आजी सोफ्यावर न बसता खाली बसल्या. जाऊबाईंनी संडास-बाथरूम उघडून दाखवलं, दिवा लावून, बंद करून, पुन्हा लावून. "रात्री-अपरात्री कुणाला उठवावं लागत नाही आता," म्हणाल्या. ज्यांना जुन्या चाळीबद्दल हळहळून लिहायचंय त्यांनी आधी ह्या बाथरूमशी जाऊन यावं. मी फोटो मागितला तर त्यांनी तिथेच उभं राहून काढायला लावला, नळावर हात ठेवून. ह्या कामातला हा पहिला फोटो, ज्यात भिंती सगळ्या दिसतात.

राहिलेलं काम:
नकाराचा होकार झालेली खोली, दिवाळीच्या आधी. मॅडमची लेन्स मेकॅनिककडून आणणे; त्याने बुरशी काढलीय, कडेला डाग राहील म्हणाला. पॅसेजमधल्या बादलीवाल्या काकांना दोन प्रिंट हव्यात, एक गावी पाठवायची. निगेटिव्हच्या प्लॅस्टिकच्या बाह्या संपल्यात. धाकट्याच्या स्वतःच्या खोलीचा फोटो अजून झालेला नाही, त्याची आई म्हणते आधी रंग काढते.